धंदा विचारणारा वैद्य

पावाच्या भट्टीत, पिठाच्या गिरणीत आणि धान्याच्या कोठारात राबणाऱ्यांचा श्वास का कोंडतो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या दारात प्रथम ठामपणे मांडला तो इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी. तीनशे वर्षांपूर्वी काळाच्या पडद्याआड गेलेल्या या वैद्याची ही जीवनकथा.

मोदेना हे उत्तर इटलीतील दाट वस्तीचे शहर. सतराव्या शतकात तेथील घरे उंच आणि एकमेकांना खेटून उभी होती. घराखाली मैला साठण्यासाठी खड्डा असे आणि दर तीन वर्षांनी तो उपसला जाई. एकदा एका वैद्याच्या घरी हे काम सुरू होते. खड्ड्यात उतरलेला मजूर जिवाच्या आकांताने हात चालवीत होता. इतकी घाई कशासाठी, थोडा दम खात काम का करीत नाहीस, असे वैद्याने त्याला विचारले. मजुराने मान वर केली आणि ज्याने हे भोगले नाही त्याला ते कळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. चार तासांहून अधिक वेळ त्या खड्ड्यात काढणे म्हणजे आंधळेपण ओढवून घेणे, असे त्याचे म्हणणे होते.

काम आटोपून मजूर वर आला तेव्हा वैद्याने त्याचे डोळे नीट तपासले. ते लालबुंद झाले होते आणि त्यांतील तेज मंदावले होते. यावर उपाय काय करतोस, असे विचारता घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे, एवढेच त्याने सांगितले. त्यानंतर शहरात फिरताना वैद्याला असे अनेक भिकारी भेटले, की ज्यांनी पूर्वी हेच काम केले होते आणि आता त्यांना धड दिसत नव्हते.

हा वैद्य म्हणजे बर्नार्दिनो रामाझिनी. मोदेना विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक आणि राजघराण्याच्या वर्तुळात वावरणारे विद्वान गृहस्थ. खड्ड्याच्या काठावरील त्या संभाषणातूनच आपल्या मनात एका ग्रंथाची कल्पना रुजली, असे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. तो ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या कामातून त्याला जडणाऱ्या रोगांचा पद्धतशीर विचार करणारा तो पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. पाव भाजणारे, दळण दळणारे आणि धान्य चाळणारे यांच्या श्वासविकारांची त्यात जी वर्णने आली, ती आजच्या डॉक्टरांनाही सहज ओळखता येतात.

कार्पी ते रोम

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये मोदेनाजवळच्या कार्पी या लहानशा गावात झाला. सुरुवातीचे शिक्षण गावातच जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत झाले. लॅटिन भाषेवरील प्रभुत्व आणि प्राचीन कवींची गोडी ही त्या शाळेची देणगी त्यांना जन्मभर पुरली. एकोणिसाव्या वर्षी ते पार्मा विद्यापीठात दाखल झाले. आधी तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक असा अभ्यास करून १६५९ मध्ये त्यांनी पदवी मिळविली.

पुढील अनुभवासाठी त्यांनी रोम गाठले. काही काळ तेथील वैद्यांच्या हाताखाली काम केल्यावर रोमच्या उत्तरेकडील कानिनो आणि मार्ता या गावांत त्यांची नेमणूक झाली. हा सारा मुलूख हिवतापाने पोखरलेला होता. अल्पावधीतच त्या तापाने तरुण वैद्यालाही गाठले. प्रकृती इतकी खालावली, की सारे सोडून कार्पीला परतण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेथे हळूहळू त्यांना बरे वाटू लागले. पुढे फ्रान्चेस्का रिघी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि जन्मगावीच त्यांनी व्यवसायाचा जम बसविला. राहण्याच्या जागेचा, हवेचा आणि पाण्याचा माणसाच्या प्रकृतीशी किती जवळचा संबंध असतो, याचा धडा त्यांना असा स्वतःच्या देहावरच मिळाला होता.

१६७०च्या दशकात ते मोदेना येथे स्थायिक झाले. बाहेरून आलेल्या या वैद्याचे स्वागत शहरातील प्रस्थापितांनी काही उत्साहाने केले नाही. त्या काळच्या प्रथेप्रमाणे पत्रके आणि पुस्तिका छापून वाद झडले. मात्र १६८२ मध्ये ड्यूक फ्रान्चेस्को दुसरे यांनी मोदेनाच्या विद्यापीठाला नवे रूप दिले, तेव्हा वैद्यकाच्या तात्त्विक भागाचे अध्यापन त्यांनी रामाझिनी यांच्याकडेच सोपविले. पुढील अठरा वर्षे ते या पदावर होते.

पाऊस, पीक आणि ताप

मोदेनातील या काळात रामाझिनी यांच्या जिज्ञासेला सीमा नव्हती. शहरात खोल खणताच आपोआप उसळून वर येणाऱ्या पाण्याचे गूढ उकलण्यासाठी त्यांनी विहिरींत उतरून पाहणी केली आणि १६९१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हवेचा दाब आणि रोगराई यांची सांगड घालण्यासाठी वायुभारमापकाच्या नोंदी ठेवल्या. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झ संशोधनाच्या निमित्ताने मोदेनाला आले होते. त्यांच्याशी रामाझिनी यांचा पत्रव्यवहार होता. जर्मनीच्या लिओपोल्डिना या विद्वत्सभेने १६९० मध्ये त्यांना सभासद करून घेताना तिसरे हिपोक्रॅटिस असे नाव बहाल केले.

त्याच वर्षी मोदेनाच्या परिसरात अतिवृष्टी झाली. उभ्या पिकांवर तांबेरा पडला, धान्याची नासाडी झाली आणि पाठोपाठ तापाची साथ पसरली. या साथीचा पहिला तडाखा शेतकऱ्यांना बसला. रामाझिनी यांनी पाऊस, पिकांची अवस्था, गुराढोरांचे आजार आणि माणसांचा ताप यांची एकत्रित टिपणे काढली. रोग हा केवळ शरीरातील दोषांचा खेळ नसून माणूस कोठे राहतो, काय खातो आणि पोटासाठी काय करतो यांच्याशी त्याचे नाते आहे, ही त्यांची धारणा या टिपणांतून पक्की होत गेली. नंतरच्या मोठ्या ग्रंथाची पूर्वतयारी येथेच झाली, असे म्हणता येईल.

कारखान्यांच्या उंबरठ्यावर

त्या काळी वैद्यकाचा प्राध्यापक म्हणजे झगा घालून लॅटिनमध्ये व्याख्याने देणारा आणि सरदार-दरकदारांच्या नाडीवर बोट ठेवणारा प्रतिष्ठित माणूस. कुंभाराचे आवार, चांभाराचे दुकान किंवा गिरणीचे जाते यांच्याजवळ उभे राहणे हे त्याच्या पदाला शोभणारे मानले जात नसे. रामाझिनी यांनी हा संकेत मोडला. हलक्यात हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाच्या जागी जाऊन माहिती घेण्यात आपल्याला कमीपणा वाटला नाही, हे त्यांनी ग्रंथात आवर्जून सांगितले आहे.

रोग्याला पाहताना वैद्याने कोणते प्रश्न विचारावेत याची यादी हिपोक्रॅटिसच्या परंपरेने घालून दिली होती. कुठे दुखते, कधीपासून, कशामुळे, शौचाला कसे होते, काय खाल्ले असे ते प्रश्न होते. या यादीत रामाझिनी यांनी आणखी एका प्रश्नाची भर घातली. रोग्याचा धंदा कोणता, हा तो प्रश्न. वरवर पाहता ही भर किरकोळ वाटते. परंतु गरीब रोग्याच्या बाबतीत वैद्य हा प्रश्न क्वचितच विचारतात आणि उत्तर माहीत असले तरी त्याकडे लक्ष देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. वैद्याने गरिबाच्या घरी घाईने नाडी पाहून निघून न जाता साध्या बाकावर का होईना, बसावे आणि त्याचे बोलणे ऐकून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

दे मॉर्बिस आर्टिफिकम दिआत्रिबा, म्हणजे कारागिरांच्या रोगांवरील विवेचन, हा ग्रंथ १७०० मध्ये मोदेना येथे छापला गेला. त्यात चाळीसच्या वर धंद्यांचा परामर्श होता. खाणकामगार, मुलामा देणारे, शिशाच्या झिलईचे काम करणारे कुंभार, चित्रकार, सुईणी, दाया, प्रेतवाहक, धोबिणी असे नाना व्यवसाय त्यात आले. कामातून होणाऱ्या रोगांची त्यांनी दोन मुख्य कारणे सांगितली. पहिले कारण हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांचे अपायकारक वाफारे आणि बारीक कण. दुसरे कारण शरीराच्या अवघड बैठकी आणि अतिरेकी हालचाली. पाव भाजणाऱ्याच्या वाट्याला ही दोन्ही कारणे एकदमच येत होती.

रात्र जागणारे पाववाले

पाववाल्यांवरील प्रकरणात रामाझिनी यांची नजर पहिल्यांदा घड्याळाकडे जाते. सारे शहर झोपी गेले की या मंडळींचे काम सुरू होते आणि शहर जागे होते तेव्हा ते अंथरुणाला पाठ टेकतात. दिवस-रात्रीचा हा उलटा क्रमच मुळात प्रकृतीवर घाला घालणारा आहे, असे त्यांचे मत होते. भट्टीच्या धगीतून एकदम गार हवेत येण्याने सर्दी, घसा बसणे आणि फुप्फुसाची दुखणी मागे लागतात. कणीक तिंबून तिंबून हात जाड आणि सुजल्यासारखे होतात. नुसत्या हातांवरून पाववाला ओळखावा, इतके. जड लाकडी दांड्याने पीठ मळणाऱ्यांचे पाय फेंगडे होत असल्याचेही त्यांनी टिपले.

परंतु त्यांचा खरा रोख होता तो उडणाऱ्या पिठावर. पीठ चाळताना, पोत्यातून ओतताना आणि मळण्यास घेताना त्याचा धुरळा हवेत भरून राहतो. तोंड आणि नाकावाटे तो आत जातो. लाळेशी मिसळून त्याची जणू कणीक तयार होते, ती घशात, पोटात आणि फुप्फुसांच्या नळ्यांत चिकटून बसते, अशी त्यांची कल्पना होती. याचा परिणाम म्हणून पाववाल्यांना खोकला लागतो, दम लागतो, आवाज घोगरा होतो आणि अखेरीस ते दमेकरी बनतात. डोळ्यांवर पिठाचा थर बसून पाणी वाहू लागते ते वेगळेच.

येथे त्यांनी केलेले एक निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. दाट वस्तीच्या शहरांत, जेथे लोक पाव विकत घेतात, तेथील पाववाले इतर कारागिरांपेक्षा अधिक आजारी पडतात. जेथे प्रत्येक घर आपापला पाव करते, तेथे हे आढळत नाही. म्हणजे दोष पिठाचा असला, तरी किती पीठ, किती तास आणि किती वर्षे अंगावर घेतले, यावर सारे अवलंबून होते. शहराची भूक वाढली की मोजक्या माणसांच्या छातीवर तिचा भार पडतो, हे त्यांनी ओळखले होते.

गिरणीवाल्यांची स्थिती याहून फार बरी नव्हती. आपादमस्तक पिठाने माखलेला हा माणूस पाण्याच्या आणि जात्याच्या घरघरीने बहिरा होत जातो, पोती वाहून त्याला अंतर्गळ होतो आणि पाववाल्याप्रमाणेच त्याचाही श्वास अडखळतो, असे त्यांनी लिहून ठेवले.

गहू गुणकारी, धूळ मात्र घातक

धान्य चाळणारे आणि मापारी यांच्यासाठी रामाझिनी यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. तोस्काना प्रांतात धान्य पेवांत साठवीत, तर उत्तरेकडे कोठारांत आणि छपराखालच्या माळ्यांवर. साठवण कशीही असो, धान्यात दोन प्रकारची धूळ असते, असे त्यांनी दाखवून दिले. एक खळ्यावरून धान्याबरोबर आलेली माती. दुसरी अधिक वाईट. ती धान्य बरेच दिवस पडून राहिल्यावर त्यातूनच सुटणारी. मळणी झालेले धान्य हलविण्याची, चाळण्याची किंवा मोजून देण्याची वेळ आली, की ही दुसरी धूळ उसळून माणसांना घेरते. घसा आणि छाती कोरडी पडते, डोळे चुरचुरतात, सर्वांगाला आग होते आणि गांधी उठाव्यात तशी खाज सुटते. हे कामगार आपल्या धंद्याला शिव्याशाप देत असतात आणि त्यांतील फार थोडे म्हातारपण पाहतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

याच ठिकाणी त्यांना एक कोडे पडले. गव्हासारख्या माणसाला पोसणाऱ्या धान्यातून इतकी अपायकारक धूळ निघावी कशी? डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म किडे या धुळीत दडलेले असावेत, चाळताना ते विखुरले जाऊन कातडीला चिकटत असावेत आणि त्यांच्यामुळेच ही आग व खाज होत असावी, असा तर्क त्यांनी मांडला. हाताशी असलेल्या साधनांनी तो सिद्ध करणे त्यांना शक्य नव्हते. साठवणीच्या धान्यात सूक्ष्म माइट्स असतात आणि धान्य हाताळणाऱ्यांना होणाऱ्या ॲलर्जीचे ते एक महत्त्वाचे कारण आहे, हे विसाव्या शतकातील संशोधनाने दाखवून दिले.

उपायांच्या बाबतीत मात्र त्यांचे हात तोकडे होते. तोंडाला कापड बांधावे, वरचेवर चेहरा धुवावा, पाणी आणि व्हिनेगरने गुळण्या कराव्यात, त्रास वाढल्यास धंद्यातून काही काळ बाहेर पडावे, असे त्यांचे सल्ले होते. कापडाने सारी धूळ अडत नाही, याची त्यांना जाणीव होती. पोटाची खळगी भरण्यासाठी ज्याला रोज भट्टीसमोर उभे राहणे भाग आहे, त्याला काम सोडण्याचा सल्ला कितपत उपयोगी, हेही ते जाणून होते. म्हणूनच अशा कामगारांना पूर्ण बरे करता आले नाही, तरी त्यांचे दुखणे हलके करणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. ज्या कारागिरांच्या श्रमावर शहराचे सुख उभे आहे, त्यांचे हे ऋण वैद्यांनी फेडले पाहिजे, हा त्या ग्रंथाचा गाभा होता.

पादुआतील अखेरची वर्षे

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी व्हेनिस प्रजासत्ताकाच्या अखत्यारीतील पादुआ विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. त्या काळी पादुआ हे युरोपातील वैद्यकशिक्षणाचे अग्रगण्य पीठ होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी रामाझिनी यांनी मोदेना सोडले आणि प्रत्यक्ष चिकित्सेचे प्राध्यापक म्हणून नवे आयुष्य सुरू केले. हृदयाची धडधड आणि तीव्र डोकेदुखी त्यांना सतावीत होती. त्यातच काही वर्षांत दृष्टी अधू होत गेली आणि वाचन-लेखनासाठी ते इतरांवर अवलंबून राहू लागले. इतरांच्या डोळ्यांची काळजी वाहण्यापासून ज्यांच्या ग्रंथाचा आरंभ झाला, त्यांच्याच डोळ्यांपुढे अंधार यावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

तरीही अध्यापन थांबले नाही. प्रजासत्ताकाने त्यांना निवृत्त होऊ न देता उलट वरिष्ठ अध्यासनावर बढती दिली. १७११ मध्ये पादुआ परिसरात गुरांची भयंकर साथ आली, तेव्हा त्यांनी विद्यापीठातील आपल्या व्याख्यानाचा विषय म्हणून ती साथच निवडली. राजेरजवाड्यांच्या आरोग्यावरही त्यांनी एक ग्रंथ लिहिला. १७१३ मध्ये कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यात आणखी बारा प्रकरणांची भर पडली. छापखान्यातील जुळारी, विणकर, सुतार असे नवे धंदे त्यात आले. दृष्टी जवळजवळ गमावलेल्या आणि ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या माणसाने हे काम तडीस नेले.

१७१४च्या नोव्हेंबरमध्ये नेहमीप्रमाणे व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत असतानाच त्यांना मेंदूचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय एक्क्याऐंशी वर्षांचे होते. बार्तोलोमेओ या त्यांच्या पुतण्याने, जो स्वतः वैद्य होता, त्यांचे चरित्र लिहून ठेवले.

ग्रंथ फिरला, धूळ राहिली

रामाझिनी यांचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. १७०५ मध्येच त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. १७७७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फुर्क्रुआ यांनी तो फ्रेंचमध्ये आणला. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचा उल्लेख केला आणि कार्ल मार्क्स यांनीही कॅपिटलमध्ये त्याची दखल घेतली. इंग्लंडमधील लीड्स येथे चार्ल्स टर्नर थॅक्रा यांनी १८३१ मध्ये धंद्यांच्या आरोग्यावरील आपले पुस्तक काढले, तेव्हा त्यांनाही पिठाच्या हवेत श्वास घेणारे गिरणीवाले आढळले. लंडनच्या पावभट्ट्यांतील कामगारांच्या हालांची चौकशी होऊन १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने बेकऱ्यांसाठी कायदा केला. मात्र पिठामुळे दमा नेमका का होतो, याचे उत्तर अजून कोणाकडेच नव्हते.

ते उत्तर विसाव्या शतकाने दिले. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द रूढ केला. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडू शकते, ही कल्पना त्यामागे होती. १९६०च्या दशकात आयजीई हा प्रतिपिंड सापडला आणि या प्रक्रियेचा उलगडा झाला. गहू, राय, बार्ली यांच्या पिठातील काही प्रथिने श्वासावाटे वारंवार आत गेली, की काही कामगारांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतात. त्यानंतर थोड्याशा पिठानेही शिंका, डोळ्यांची खाज आणि श्वासनलिकांचे आकुंचन सुरू होते. रामाझिनी यांनी कल्पिलेली कणीक फुप्फुसात तयार होत नाही. त्यांचे कारण चुकले होते, पण रोगी, धंदा आणि लक्षणे यांची त्यांनी लावलेली सांगड अचूक होती.

एकाच भट्टीत वर्षानुवर्षे काम करूनही एकाला दमा होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचाही अर्थ आता लागला. ॲलर्जी जडण्यास महिने किंवा वर्षे लागतात आणि ती सर्वांना जडत नाही. ज्यांना मुळात ॲलर्जीची प्रवृत्ती आहे, त्यांना धोका अधिक असतो. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. पिठाच्या धुळीने बेजार होणाऱ्या बहुतेक कामगारांना पाव किंवा पोळी खाऊन काहीच होत नाही. भट्टीच्या उष्णतेने आणि पचनाने प्रथिनांचे स्वरूप बदलते. शिवाय तोंडावाटे जाणे आणि श्वासावाटे जाणे यांत फरक आहे. गव्हाबद्दल रामाझिनी यांना पडलेल्या कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

दरम्यान धोक्यात नवी भरही पडली. पाव चांगला फुगावा म्हणून कणकेत बुरशीपासून मिळविलेले अल्फा-अमायलेज हे विकर मिसळण्याची पद्धत आधुनिक बेकऱ्यांत रूढ झाली. हे विकरही तीव्र ॲलर्जी निर्माण करते, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. पिठाच्या धुळीची सुरक्षित पातळी कोणती, याबाबत मात्र अजून एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटर हवेत सरासरी १० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, तर अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने अवघ्या ०.५ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. दोन्हींत वीसपटींचा फरक आहे.

वेळीच विचारलेला प्रश्न

या आजाराचा सर्वांत महत्त्वाचा विशेष असा, की तो वेळीच ओळखला तर आटोक्यात येऊ शकतो. सुरुवात बहुधा नाकापासून होते. कामावर येताच शिंका, नाक गळणे, डोळे चोळणे. सुटीच्या दिवशी आराम आणि कामावर परतताच पुन्हा तेच. हा टप्पा दुर्लक्षिला गेला, की मागून खोकला आणि दमा येतो. लक्षणे दिसूनही धुळीतच काम सुरू राहिले, तर पुढे काम सोडल्यावरही दमा पाठ सोडत नाही. उलट लवकर निदान होऊन धुळीचा संपर्क थांबला, तर बरे होण्याची शक्यता पुष्कळ असते. निदानाची साधने अवघड नाहीत. त्वचेवरील चाचणी, रक्ताची तपासणी आणि कामाच्या व सुटीच्या दिवशी फुंकर मारण्याच्या साध्या यंत्रावर घेतलेल्या नोंदी, एवढ्याने चित्र बरेचसे स्पष्ट होते. पीठ उंचावरून न ओतणे, कोरड्या झाडूऐवजी धूळ ओढून घेणारे यंत्र वापरणे, मळणीयंत्रावर झाकण ठेवणे, धूळ जागच्या जागी शोषून घेण्याची सोय करणे आणि योग्य प्रतीचा मास्क पुरविणे हे उपायही जगभर मान्य झाले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० मधील व्यावसायिक रोगांच्या सुधारित यादीत कामाच्या जागी होणाऱ्या दम्याचा समावेश आहे.

रामाझिनी यांची आठवण त्यांच्या जन्मगावाने जपली आहे. व्यवसाय आणि पर्यावरण यांतून उद्भवणाऱ्या रोगांवर काम करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांची कॉलेजियम रामाझिनी ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली आणि तिचे केंद्र कार्पी येथेच आहे.

मुंबई-पुण्यात पहाटे दारी येणारा पाव आजही कोणाच्या तरी जागरणातून तयार होतो. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत उभा असलेला माणूस आजही भुवयांपर्यंत पांढरा झालेला दिसतो. त्यांच्यापैकी कोणी सततच्या शिंका आणि धाप लागते म्हणून दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा केसपेपरवर नाव, वय आणि पत्ता लिहिला जातो. औषध मिळते, चार दिवस बरे वाटते आणि तो पुन्हा त्याच धुळीत परततो. काय काम करता आणि सुटीच्या दिवशी बरे वाटते का, एवढे कोणी विचारले, तर त्या माणसाचा पुढचा श्वास वाचू शकतो. तीनशे वर्षांपूर्वी मोदेनाच्या त्या वैद्याने वैद्यकाला दिलेला प्रश्न हाच होता.